मास्तरांचा पाऊण इंच

माझ्या थोरल्या भावाला सगळे मास्तर म्हणतात, पण त्याने आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलेलं नाही. तो गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस-पन्नास थर एकावर एक अंथरायचे, वर कागदाचा खाका ठेवून खडूने रेघा मारायच्या आणि पन्नास शर्टांच्या पन्नास पाठी एका दमात कापून काढायच्या, हे त्याचं काम. तीस वर्षांत आपलं माप चुकलं नाही असं तो छातीठोकपणे सांगतो. चुकलं असेल तर ते फक्त एका माणसाला ठाऊक आहे. ती माझी वहिनी.

वहिनी त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायची. शिवून आलेला नग उलटा करायचा, शिलाईवरून अंगठा फिरवायचा आणि अंगठा अडला की तिथे खडूची फुली मारून नग परत पाठवायचा. मास्तरांचा माल परत पाठवायची हिंमत अख्ख्या कारखान्यात तिच्या एकटीकडे होती. तुमचं लग्न कसं जमलं असं कुणी विचारलं की ती म्हणते, "यांनी एकदा कॉलर पाव इंच लहान कापली. मी परत पाठवली. भांडायला आले, ते अजून भांडतायत."

मी या मास्तरांची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. वाचनालयाच्या काउंटरवर बसते आणि पुस्तकं उशिरा आणणाऱ्यांकडून दंड वसूल करते. त्यामुळे माझ्या जिभेला धार आहे असं दादा म्हणतो. असेल. पण जी गोष्ट मी आता सांगणार आहे, तिच्यात माझ्या जिभेने नको तिथे धार दाखवली आणि हवी तिथे ती टाळ्याला चिकटून बसली. ते आधीच कबूल केलेलं बरं.

दादाचं घर दोन खोल्यांचं, शिवाय एक अडगळीची. मागे स्वयंपाकघर, त्यामागे हातभर अंगण, आणि अंगणाच्या टोकाला संडास-बाथरूम. स्वयंपाकघरातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या. घर कर्ज काढून घेतलेलं. चौदा वर्षांचे हप्ते भरून झाले होते, सहा वर्षांचे राहिले होते. वहिनीचा बेत आम्हाला तोंडपाठ होता. शेवटचा हप्ता गेला की दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडायची, सकाळच्या उन्हात त्या तीन पायऱ्यांवर चहा घेऊन बसायचं आणि अंगठ्याला कायमची सुट्टी द्यायची. दर महिन्याच्या पगाराला ती हे ऐकवायची. "अंगठ्याला..." एवढं ती म्हणाली की आम्ही दोघं एका सुरात "कायमची सुट्टी" म्हणायचो.

त्याच पायऱ्यांवरून ती पडली. हातात बादली होती, पायरी ओली होती. खुबा मोडला.

शस्त्रक्रिया, मग व्यायाम, असं सगळं मिळून पाच आठवडे ती दवाखान्यात राहणार होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की वॉकर बराच काळ लागेल, कदाचित नेहमीच. पायऱ्या बंद. उंच कमोड हवा, आणि तोही खोलीला लागून. भाची छोटी, म्हणजे दादाची एकुलती एक लेक, आठ तासांच्या प्रवासावर राहते. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, घरातली दारं ऐसपैस आहेत. ती म्हणाली, "आई माझ्याकडे येईल. विषय संपला."

वहिनी पलंगावरूनच म्हणाली, "मी माझ्या घरी जाईन. दुसऱ्याच्या घरी मी दोन दिवस बरी असते. तिसऱ्या दिवशी चुका काढायला लागते."

सगळे हसले. दादा हसला नाही. बाहेरच्या बाकावर बसल्यावर मला म्हणाला, "ती एकदा तिकडे गेली ना, की परत येणार नाही."

"का नाही येणार?"

"कशाला येईल? या तीन पायऱ्या उतरायला? मला नोकरी सोडून तिच्यामागे जाता येणार नाही. म्हणजे ती तिकडे आणि मी इकडे." त्याचा आवाज कापत होता. दादाचा आवाज असा मी आई गेली तेव्हासुद्धा ऐकला नव्हता. 

अडगळीची खोली झोपायच्या खोलीला लागून होती. तिथे नवं बाथरूम करायचं ठरलं. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता. कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं की एक दुसरी बँक जुनं कर्ज आपल्याकडे घेते आणि त्याच घरावर वरून आणखी रक्कम देते. आम्ही गेलो. काचेच्या टेबलामागे बसलेल्या बाई फार गोड बोलत होत्या. चौदा वर्षांत एक हप्ता चुकला नाही, असे ग्राहक हल्ली कुठे मिळतात, म्हणाल्या. हप्ता फारसा वाढणार नाही हेही त्यांनी दोनदा सांगितलं. हप्ता न वाढण्याचं कारण तेवढं कागदाच्या तळाशी होतं. राहिलेल्या सहा वर्षांची पंधरा वर्षं झाली होती.

दादा तेव्हा बावन्न वर्षांचा. मी बोटांवर हिशोब केला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "कापताना थोडं जास्तच ठेवावं. नंतर आत घेता येतं."

"दादा, हे कापड नाही."

"मग दुसरा उपाय सांग."  

घर दोघांच्या नावावर, त्यामुळे वहिनीची सही हवी होती. बँकेचा माणूस दवाखान्यात आला. सह्यांच्या जागी त्याने आधीच पिवळे कागद चिकटवून ठेवले होते. वहिनीने पेन हातात घेतलं आणि विचारलं, "वर्षं किती झाली?"

"थोडी वाढलीत," दादा म्हणाला.

आयुष्यभर दुसऱ्याच्या शिलाईवरून अंगठा फिरवणारी बाई त्या दिवशी औषधांच्या गुंगीत होती. तिने नऊ ठिकाणी सह्या केल्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मला आकडा माहीत होता आणि मी मूग गिळून उभी राहिले. वाचनालयात दोन दिवसांच्या दंडासाठी मी लोकांशी हुज्जत घालते.

मंजूर झालेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांत बरंच अंतर पडलं. जुन्या बँकेने लवकर खातं बंद केल्याचे पैसे कापले, नव्या बँकेने कागदपत्रांचे कापले, वर विमा सक्तीचा. जे उरलं त्यात नळवाल्याचे आणि सामानाचे पैसे भागत होते, मजुरी भागत नव्हती. गल्लीतल्या मिस्त्रींनी आकडा सांगितला तेव्हा दादाने कपाळाला हात लावला. इथे मी तोंड उघडलं. म्हटलं, "कशाला हवेत मिस्त्री? तुझ्यासारखं माप कुणाला घेता येतं? तूच कर." दुसऱ्या दिवशी वाचनालयातून घरदुरुस्तीची तीन जाडजूड पुस्तकं उचलून आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. वर म्हटलं, "दंड माफ."

दादाला तेच ऐकायचं होतं. त्याने साठवलेली सगळी रजा टाकली आणि कामाला लागला. खरं सांगते, ते चार आठवडे तो सुखात होता. दवाखान्यात जाऊन त्याने गळ्यातल्या टेपने वॉकरचं माप घेतलं. साडेपंचवीस इंच. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडून दाराचं माप धरलं साडेसव्वीस. मग कारखान्यातून खाकी कागदाची गुंडाळी आणली आणि प्रत्येक भिंतीचा, दाराचा, फरशीचा खाका कापून जागच्या जागी चिकटवला. कमोडच्या जागी कागदी कमोड. अडगळीची खोली आतून शर्टासारखी दिसायला लागली. नळवाला आत आला आणि पाय कुठे ठेवू म्हणून विचारू लागला.

गल्लीतले मिस्त्री जाता-येता डोकावायचे. काम हातचं गेलं होतं तरी मनात अढी नव्हती त्यांच्या. एकदा दारातून म्हणाले, "मास्तर, खाके झकास आहेत. जाडी धरलीत ना पण?"

दादाने मान वर केली नाही. "तीस वर्षं मापं घेतोय मी."

"तसं नाही हो, मी आपलं..."

"मिस्त्री," मी मध्येच बोलले, "काम नाही मिळालं म्हणून नजर नका लावू." ते ओशाळून निघून गेले. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

कापडाला जाडी नसते. म्हणजे असते, पण ती मापात धरायची नसते. दादाने जन्मभर ज्या वस्तूची मापं घेतली, ती सपाट होती. चौकटीची जाडी त्याने धरली, कारण दुकानदाराने आठवण करून दिली. पण चौकटीला आतून लावलेल्या टाइलच्या पट्टीने अर्धा इंच खाल्ला. दार सव्वा इंच जाडीचं, आणि त्यामागच्या भिंतीवर टाइल्स चढल्यामुळे ते पुरतं मागे जाईना. उघडलं तरी चौकटीतच उभं राहून आपल्या जाडीएवढी जागा अडवायचं. दादाचा खाका कागदावर बरोबर होता. त्याने तो शेवटपर्यंत कागदावरच मोजला, कारण खाका बरोबर असला की शर्ट बरोबर येतो, हे त्याला पन्नास हजार शर्टांनी शिकवलं होतं. वॉकर वहिनीजवळ दवाखान्यात होता. तो आणून एकदा दारातून सरकवून बघावा, हे त्याला सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं?

वहिनी घरी आली त्या दिवशी दादाने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. लेक बरोबर होती, पण तिने आपली परतीची बॅग दारातच ठेवली होती. वहिनी पांढरीफटक दिसत होती. सकाळपासून तिने दवाखान्यातल्या बाईंना लघवीचं भांडं लावू दिलं नव्हतं. "आता एकदम माझ्या घरी," म्हणाली होती.

तिने पुढची खोली ओलांडली. वॉकर उचलायचा, टेकवायचा, पाऊल टाकायचं. झोपायच्या खोलीत आली. दादा पुढे जाऊन नव्या दाराशी उभा राहिला. त्याने दार उघडलं, दिवा लावला. आतल्या टाइल्स निळसर होत्या, कमोडशेजारी धरायला दांडा होता. वहिनीच्या चेहऱ्यावर हसू आलं. ती म्हणाली, "सांधे बरे जुळवलेत हो." आणि वॉकर पुढे सरकवला.

खट्.

तिने तो मागे घेतला, सरळ केला, पुन्हा सरकवला. पुन्हा खट्. एक पाय चौकटीला, दुसरा दाराला. दादा खाली बसला आणि टेप लावली. एकदा लावली, दुसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा त्याच्या हातातून टेपचं टोक सुटलं.

"किती?" वहिनीने विचारलं.

"पाऊण इंच."

  वहिनीला घाई होती आणि ती मागे वळू शकत नव्हती, पुढे जाऊ शकत नव्हती. लेकीने तिला धरून कसंबसं पलंगावर बसवलं, बॅगेतून दवाखान्याचं भांडं काढलं आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. नव्या बाथरूमपासून चार हातांवर, त्याचा दिवा चालू असताना, वहिनीला भांडं घ्यावं लागलं. दादा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभा होता.

लेक बाहेर आली ती रडतच. दादा म्हणाला, "मी दार काढतो. आत्ता काढतो."

"बिनदाराचं बाथरूम? बाबा, आईची काही लाज ठेवाल की नाही?" ती ओरडली. "एवढं कर्ज काढलंत, आणि तिला साधं आत जाता येत नाही!"

  वहिनी डोळे मिटून पडली होती. जेवणं झाल्यावर गाडी बोलावली आणि ती लेकीबरोबर गेली. जाताना दादाकडे बघून म्हणाली, "पाणी तापवताना गॅसकडे लक्ष ठेवा." एवढंच.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी दादाकडे जायला लागले. त्याने नव्या बाथरूमला कडी लावून टाकली होती. स्वतः त्या तीन पायऱ्या उतरून अंगणात जायचा. म्हटलं, "अरे, बांधलंयस तर वापर." म्हणाला, "ते माझ्यासाठी नाही बांधलं." नव्या कर्जाचा पहिला हप्ता गेला. तो कामावर जायचा, यायचा, ताट पुढे घेऊन बसायचा. लेकीचा फोन आला की आईची चौकशी करायचा, पण वहिनीने फोन घेतला की "बरी आहेस ना" याच्यापुढे त्याची गाडी जात नसे.

तीन आठवड्यांनी वाचनालयात मला फोन आला. वहिनी.

"दार किती जाडीचं आहे गं?"

"सव्वा इंच."

"आणि कमी किती पडतं? पाऊण ना?" ती थांबली. मला तिचा अंगठा डोळ्यांपुढे दिसत होता. "मग दार काढलं की वॉकर जातो. वर अर्धा इंच उरतो."

"वहिनी, पण छोटी म्हणाली तसं..."

"छोटीच्या घरात जावई आहेत, पाहुणे असतात. माझ्या घरात आहे कोण? यांच्यापुढे मला पडदा पुरतो. त्यांना म्हणावं, पडदा तरी नीट शिवा. आणि न्यायला स्वतः या. इथे मी आठवड्याभरापूर्वीच चुका काढायला सुरुवात केली आहे."

मी काउंटरवरच डोळे पुसले. समोरच्या गृहस्थांना वाटलं, त्यांच्या दंडाचं मला वाईट वाटतंय. त्यांनी मुकाट्याने पैसे काढून ठेवले.

दादाने बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवले आणि दार भिंतीला टेकवून ठेवलं. यावेळी माप त्याने एकट्याने घेतलं नाही. मिस्त्रींच्या घरी जाऊन त्यांना बोलावून आणलं. मीही बरोबर गेले आणि त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, ताई," आणि स्वतः वॉकरएवढी फळी दारातून चारदा फिरवून दाखवली. गणवेशाच्या गडद निळ्या कापडाचा पडदा दादाने घरीच शिवला.

वहिनी आली. दाराशी पोचल्यावर आधी आत गेली नाही. पडद्याची कड हातात घेतली, उलटी केली, शिलाईवरून अंगठा फिरवला. "खडू आहे?" दादाने खिशातून खडू काढून दिला. तिने खालच्या दुमडीवर एक फुली मारली. "इथे टाका सुटलाय." मग पडदा बाजूला सारून वॉकर पुढे टेकवला, आणि तो आत गेला. पडदा मागून पडला. दादा बाहेर उभाच.

"तिथे उभे राहू नका," आतून आवाज आला. "चहा टाका."

माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, मिटलं सगळं.

चहा झाला. वहिनी मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. तीन पायऱ्या तिच्या पुढे होत्या, त्यांवर ऊन होतं, पण उतरता येत नव्हतं. कप खाली ठेवून तिने सरळ विचारलं, "मी सही करताना विचारलं होतं, वर्षं किती. तुम्ही म्हणालात, थोडी वाढलीत. थोडी म्हणजे किती?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

"सहाची पंधरा झाली," दादा म्हणाला. "मी तेव्हा सांगितलं नाही. हिला माहीत होतं, पण सांगायचं मला होतं."

ती भांडेल असं मला वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पायऱ्यांकडे बघत बसली. तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे सरकत होता, मोजत होता. पंधरापर्यंत जाऊन थांबला.

"म्हणजे तुम्ही सदुसष्टचे. आणि मी चौसष्टची."

"हो."

"तपासणीचं काम बसून असतं," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारते, कधीपासून जमेल ते."

"तू कशाला..." दादा म्हणाला.

"कारखान्याच्या फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत किती दारं आहेत, ती सगळी उद्या मोजून आणा." तिने वॉकर जवळ ओढला आणि त्याच्या दांडीवर हात ठेवला. "आणि अहो, उघडी ठेवून मोजा. जाडी धरून."